सरकारनं विम्याचा हप्ता भरावा का? मिरजेच्या काउंटरवरून उत्तर

प्रश्न तासगाव भागातल्या एका द्राक्ष बागायतदाराचा आहे. त्यांचा मेहुणा न्यू जर्सीत असतो. तिथलं विम्याचं वाढीव सरकारी अनुदान संपलं आणि त्याचा हप्ता एकदम वर गेला, म्हणून तो वैतागलाय. तरी तोच यांना सांगतो की सरकारनं विम्यात पैसा घातला की शेवटी हॉस्पिटलं आणि कंपन्याच गब्बर होतात. यांचं म्हणणं असं : आपल्याकडं आता पांढऱ्या रेशनकार्डालाही पाच लाखांचं कव्हर आहे. हाच पैसा सिव्हिलला दिला असता तर बरं झालं नसतं का? आणि मी दरवर्षी भरतो ती फॅमिली पॉलिसी आता बंद करू का? घरात पंचाहत्तरीची आई आहे.

मी वीसेक वर्षं मिरजेत हॉस्पिटलच्या बिलिंग आणि विमा विभागात आहे. डॉक्टर नाही, अर्थतज्ज्ञ तर नाहीच. पण सरकारी योजनेचा रुपया मंत्रालयातून निघून पेशंटच्या अंगाला लागेपर्यंत कुठं कुठं थांबतो, ते रोज बघते. त्या अनुभवावरून लिहिते.

आधी अमेरिकेचं उरकते. तिथं 2010 च्या कायद्यानंतर, ज्यांना नोकरीतून विमा मिळत नाही त्यांनी स्वतः पॉलिसी घ्यायची आणि उत्पन्न बघून हप्त्याचा काही भाग सरकारनं भरायचा, अशी पद्धत आली. करोनाच्या काळात, 2021 साली, हे अनुदान वाढवलं. ठरावीक दर्जाच्या पॉलिसीचा हप्ता उत्पन्नाच्या साडेआठ टक्क्यांवर जाणार नाही अशी सोय केली. तिची मुदत होती 2025 अखेरपर्यंत. ती वाढवायची की नाही, या भांडणात 1 ऑक्टोबर 2025 पासून तब्बल 43 दिवस तिथल्या केंद्र सरकारचं कामकाज ठप्प होतं. वर्ष संपलं, तसं वाढीव अनुदानही संपलं. तुमच्या मेहुण्याला ते कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. हप्त्याचा आकडाच बोलला.

आपल्याकडं हा आकडा पेशंटला कधी दिसतच नाही, आणि माझ्या मते सगळा गुंता तिथून सुरू होतो. राज्याच्या महात्मा फुले योजनेचा किंवा केंद्राच्या आयुष्मानचा हप्ता तुम्ही भरत नाही. किती भरला, कुणी भरला, वेळेवर भरला का, याची पावती तुमच्या घरी येत नाही. त्यामुळं सरकारनं हात आखडता घेतला तर त्याची बातमी होत नाही, मोर्चा निघत नाही. ते फक्त काउंटरवर कळतं. कार्ड तेच असतं, पाच लाखांचा आकडा तोच असतो, पण त्या कार्डावर मिळणारा बेड कमी झालेला असतो.

योजनेचा प्रवास थोडक्यात सांगते, कारण लोक दोन-तीन योजना एकात मिसळतात. राजीव गांधी जीवनदायी योजना जुलै 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. आपल्याकडं ती नोव्हेंबर 2013 मध्ये आली, तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं कव्हर होतं, पिवळ्या आणि केशरी कार्डाला. 2017 मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. केंद्राची आयुष्मान भारत सप्टेंबर 2018 ची, पाच लाखांची, पण 2011 च्या सामाजिक-आर्थिक पाहणीच्या यादीत नाव असलेल्यांसाठी. एप्रिल 2020 पासून राज्यात दोन्ही एकत्र चालवल्या. तेव्हाच्या रचनेत दीड लाखापर्यंतचा भार विमा कंपनीवर आणि आयुष्मानच्या कुटुंबांचा त्यावरचा भार राज्य आरोग्य हमी सोसायटीवर होता. जुलै 2023 च्या शासन निर्णयानं सगळ्या रेशनकार्डांना पाच लाख केले आणि प्रत्यक्षात ते 1 जुलै 2024 पासून मिळायला लागलं.

यात आपल्या जिल्ह्याचं एक दुखणं होतं. पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना योजना आधीपासून होती, पण फक्त विदर्भ-मराठवाड्यातल्या 14 जिल्ह्यांत. जत, आटपाडी, कवठेमहांकाळला टँकर लागायचे, पण जिल्हा सांगली, म्हणून यादीत नाही. द्राक्षबागेचं कर्ज डोक्यावर आणि कार्ड पांढरं, अशा माणसाला 'तुम्ही योजनेत बसत नाही' असं सांगायची पाळी माझ्यावर कितीदा तरी आली. त्यामुळं सरसकट पाच लाख ही रेवडी आहे असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. रेशनकार्डाचा रंग हा उत्पन्नाचा फार कच्चा पुरावा आहे. केशरी कार्डाचे जमीनदार आणि पांढऱ्या कार्डाचे कर्जबाजारी, दोन्ही मी काउंटरवर बघितलेत.

आता बेड कसा कमी होतो ते सांगते.

योजनेत प्रत्येक उपचाराचं पॅकेज, म्हणजे हॉस्पिटलला मिळणारी एकरकमी रक्कम, ठरलेलं असतं. त्यात बेड, नर्सिंग, ऑपरेशन, भूलतज्ज्ञ, इम्प्लांट, औषधं, तपासण्या, पेशंटचं जेवण आणि घरी परत जायचं एसटीचं भाडंसुद्धा धरलेलं असतं. एसटीचं भाडं मागून घेणारा पेशंट विरळाच, पण ते आहे. समजा एका ऑपरेशनचं पॅकेज 40 हजारांचं आहे. आकडा उदाहरणापुरता. इम्प्लांटवाला पैसे आठवड्यात मागतो, भूलतज्ज्ञ महिनाअखेरीला, मेडिकलवाला तर रोज. योजनेकडून येणारे क्लेमचे पैसे मात्र क्वेऱ्या म्हणजे कागदांवरच्या शंका, दुरुस्त्या, मंजुरी आणि मग निधी आला तर, असे यायचे. मोठं ट्रस्ट हॉस्पिटल तेवढे दिवस काढू शकतं. वीस बेडचं हॉस्पिटल चालवणारा डॉक्टर काढू शकत नाही. तुम्ही बागायतदार आहात. व्यापाऱ्यानं दर आधीच बांधून दिला आणि पैसे सहा महिन्यांनी देतो म्हणाला, तर तुम्ही त्याला पेट्या देणारच नाही असं नाही, पण किती द्यायच्या ते हात राखूनच ठरवाल. डॉक्टरही तेच करतो. योजनेचे बेड मोजके ठेवतो. पॅकेज परवडतं तेवढ्याच केसेस घेतो, बाकीच्यांना 'सिव्हिलला बघा' म्हणतो.

तुमचा मेहुणा म्हणतो की हॉस्पिटलं गब्बर होतात. होतातही, पण सगळी नाही आणि सगळ्या उपचारांत नाही. ज्या प्रक्रियेचं पॅकेज खर्चापेक्षा चांगलं सुटतं तिथं गर्दी होते. ज्याचं सुटत नाही त्याचा पेशंट दारोदार फिरतो. दर ठरवणाऱ्यानं एका ओळीत चूक केली तर जिल्ह्यात कुठलं ऑपरेशन जास्त होणार आणि कुठलं कमी, हे तिथंच ठरून जातं. छत्तीसगडमध्ये 2012 साली हेच उघडकीला आलं. जुन्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत कुटुंबाला वर्षाला 30 हजारांचं कव्हर होतं आणि त्यावर बायकांची गर्भाशयं गरज नसताना काढली गेली. फुकट मिळतंय म्हणून कुठलीही बाई पोट फाडून घ्यायला येत नाही. मोह पेशंटला होत नाही, दाखल करून घेणाऱ्याला होतो. म्हणून 'फुकट दिलं की लोक सोकावतात' हा नेहमीचा आक्षेप मला चुकीच्या माणसावर बोट दाखवणारा वाटतो. लक्ष ठेवायचं तर ते दाखल करून घेणाऱ्यावर ठेवायला हवं, आणि तिथं आपण कच्चे आहोत. 2023 च्या महालेखापालांच्या अहवालात आयुष्मानचे साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी एकाच मोबाइल नंबरवर नोंदलेले सापडले. तो नंबर होता दहा वेळा नऊ.

काउंटरचं एक चित्र देते, म्हणजे कार्ड असणं आणि उपचार मिळणं यातलं अंतर कळेल. जतकडची एक म्हातारी, खुब्याचं हाड मोडलेलं. मुलगा ऊसतोडीवरून थेट आलेला. त्याचा पहिला प्रश्न, 'मॅडम, आमचं कार्ड चालतंय न्हवं हितं?' मी 'चालतं' म्हटलं तरी पुढं चार दारं उघडावी लागतात. हॉस्पिटल अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेलं आहे का? असेल तर हाडांच्या विभागासाठी आहे का, की फक्त मूत्रविकारासाठी? हे ऑपरेशन यादीत खासगीला खुलं आहे की सरकारी रुग्णालयासाठी राखीव? आणि बाईचं नाव बारा अंकी ऑनलाइन रेशनकार्डावर चढलेलं आहे का? नाव चढलेलं होतं, पण रेशनवर माहेरचं आणि आधारवर सासरचं. मग अंगठा. आयुष्यभर खुरपणी केलेल्या बोटाला रेषाच उरलेल्या नाहीत. पदराला पुसून, पाण्यानं धुऊन, चार बोटं आलटून पालटून झाली. आरोग्यमित्रानं, म्हणजे हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या माणसानं, शेवटी चेहऱ्यावरून ओळख पटवली. प्री-ऑथ, म्हणजे ऑपरेशनआधीच्या मंजुरीची मागणी, गेली संध्याकाळी. सकाळी क्वेरी आली : एक्स-रेवर तारीख दिसत नाही. तारीख होती, फोटो काढताना अंगठ्याखाली गेली होती. परत फोटो, परत अपलोड. तोवर म्हातारी पायाला वजन लावून पडून आणि मुलगा जिन्यात बसून, मुकादमाचा फोन उचलत नव्हता. ऑपरेशन झालं, चांगलं झालं, त्याच्या खिशातून ऑपरेशनचा एक रुपया गेला नाही. योजना नसती तर मुकादमाकडून आणखी उचल घेतली असती, किंवा म्हातारीला तशीच घरी नेली असती. योजनेवर टीका करताना मला हे विसरता येत नाही.

आता सिव्हिलचं. तुमचा प्रश्न रास्त आहे, पण 'विमा की सिव्हिल' अशी मांडणी फसवी आहे. सरकारी रुग्णालयसुद्धा याच योजनेत क्लेम करतं आणि तो पैसा त्याच्या कामी येतो. म्हणजे योजनेचा पैसा सिव्हिलला जाऊ शकतो. जात किती, हे तिथं भूलतज्ज्ञ जागेवर आहे का आणि क्लेम भरायला माणूस आहे का यावर ठरतं. ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, पण सांगली-मिरजेची मोठी रुग्णालयं वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेली, खातं वेगळं. तिथं केसपेपरचे पैसे घेतले म्हणून पेशंट भांडायला उठतो आणि शिव्या खिडकीतला कारकून खातो.

राष्ट्रीय आरोग्य धोरणानं 2017 साली ठरवलं होतं की 2025 पर्यंत आरोग्यावरचा सरकारी खर्च देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्के करायचा. 2021-22 मध्ये, करोनाचा खर्च धरूनही, तो 1.84 टक्के होता. एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा 2014-15 मध्ये 62.6 टक्के होता, तो 2021-22 मध्ये 39.4 वर आला असं राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. घट झाली हे खरं. पण एवढ्या तोकड्या रकमेतून विमाही आणि सिव्हिलही चालवायचं म्हटल्यावर दोन्हीकडं ओढाताण होणारच.

एक गोष्ट मात्र मला ठाम वाटते. ज्या गावात सरकारी दवाखाना धड चालतो तिथं खासगीचे दरही हातात राहतात. आणि काही ठिकाणी अनुदानापेक्षा दरावर बंधन घालणं कितीतरी स्वस्त पडतं. फेब्रुवारी 2017 मध्ये हृदयाच्या स्टेंटच्या, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या, किमतीवर मर्यादा आली. लाख-सव्वा लाखाला लावला जाणारा औषधी स्टेंट तीस हजारांच्या आत आला. त्यासाठी सरकारला कुणाचा हप्ता भरावा लागला नाही, कुणाचं कार्ड काढावं लागलं नाही. विम्याच्या अनुदानावर हमरीतुमरी करणारे दोन्ही बाजूंचे लोक याचं नाव काढत नाहीत, याचं मला नवल वाटतं.

या योजनांवरचा माझा खरा राग दुसराच आहे. अनुदान खाटेला बांधलंय. ॲडमिट झालात तर पाच लाख, नाही झालात तर शून्य. शुगर, बीपी, दमा, थायरॉईड यांच्या महिन्याच्या गोळ्या, तपासण्या, डॉक्टरची फी, सगळं खिशातून. गोळ्या परवडत नाहीत म्हणून माणूस त्या दिवसाआड घेतो आणि काही वर्षांनी किडनी घेऊन आमच्याकडं डायलिसिसला येतो. तेव्हा योजना त्याला आनंदानं घेते. कुपवाड एमआयडीसीतला 15 हजार पगाराचा कामगार ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारी कामगार विम्यात, महिन्याला 112 रुपये 50 पैसे भरतो, मालक 487 रुपये 50 पैसे. महिन्याचे 600. त्यात बाहेरच्या तपासणीपासून गोळ्यांपर्यंत सगळं बसवलंय. ईएसआयच्या दवाखान्यांची तऱ्हा तुम्हाला माहीत आहे, मी तिची तरफदारी करत नाही. पण रचना म्हणून ती शहाणी आहे : आजार खाटेपर्यंत यायच्या आधी तिच्यात पैसा आहे.

आणि अनुदान फक्त गरिबाला मिळतं हा गैरसमजही काढून टाका. सांगलीतला तीस टक्क्यांच्या टप्प्यातला एखादा पगारदार जुन्या करपद्धतीत स्वतःच्या पॉलिसीचे 25 हजार आणि ज्येष्ठ आई-वडिलांचे 50 हजार आरोग्य विम्याच्या वजावटीत दाखवतो. सेस धरून त्याचा 23,400 रुपये कर वाचतो. तेही अनुदानच, फक्त त्याला कार्ड नाही आणि रांग नाही. तुम्हाला ते मिळत नाही, कारण शेतीच्या उत्पन्नावर आयकरच नाही, मग वजावट कशातून करणार? तुमच्या वाट्याला आली ती एवढीच सवलत : 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला. वीस हजारांच्या हप्त्यावर 3,600 रुपये सुटले. अर्थात कंपन्यांना आता त्यांच्या खर्चावरच्या जीएसटीची वजावट मिळत नाही, त्यामुळं मूळ हप्ता पुढं सरकतो का, तेवढं बघत राहा.

तर पॉलिसी बंद करू का? नको. पाच लाखांचं कार्ड हा तुमचा दुसरा आधार समजा, पहिला नाही. योजनेत यादीतलेच उपचार आणि अंगीकृत हॉस्पिटलच. मध्यरात्री दुखायला लागलं तर जवळचं जे दार उघडं असेल तिथं माणूस जातो, आणि ते दार योजनेत असेलच असं नाही. शिवाय एकदा सोडलेली पॉलिसी पन्नाशीत परत घ्यायला गेलात की जुन्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून. तो आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे, पूर्वी चार होता, पण तीन वर्षं काही कमी नाहीत. हप्ता जड होत असेल तर कव्हर थोडं कमी करा, पण खंड पडू देऊ नका. आणि पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा आहे का ते आजच वाचा. तीन हजारांची मर्यादा असताना सहा हजारांची खोली घेतली की बहुतेक पॉलिसीत नुसतं भाडं कापत नाहीत, त्या प्रमाणात बिलाचा मोठा भाग कापतात. डिस्चार्जच्या दिवशी माझ्या टेबलासमोर होणारी निम्मी भांडणं याच एका ओळीवरून होतात.

योजनेतून उपचार घ्यायचे असतील तर ॲडमिट होतानाच सांगा. आधी डिपॉझिट भरून रोखीचा पेशंट म्हणून दाखल झालात आणि चौथ्या दिवशी 'आता कार्डावर करा' म्हणालात, तर ते जमवणं महाकठीण. कुठलं हॉस्पिटल कुठल्या विभागासाठी अंगीकृत आहे ते 155388 या नंबरवर विचारता येतं. पेशंटकडून वर पैसे मागितले तर तक्रारही तिथंच. ट्रस्टचं हॉस्पिटल असेल तर आणखी एक वाट आहे, जी बोर्डावर लिहिलेली असूनही कुणी वाचत नाही : धर्मादाय योजनेत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांना 1 लाख 80 हजार, दुर्बलांना 3 लाख 60 हजार. तुमच्या बागेवर कामाला येणाऱ्या माणसांना हे जरूर सांगा.

आईंचं सोपं आहे. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, पाच लाखांचं. खासगी पॉलिसीत नाव असलं तरी चालतं. फक्त केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची किंवा माजी सैनिकांची आरोग्य योजना असेल तर दोन्हीतली एक निवडावी लागते. त्यांचं वय आधार कार्डावरचंच धरतात. जुन्या लोकांच्या आधारवर बरेचदा नुसतं वर्ष असतं किंवा 1 जानेवारी किंवा 1 जून टाकलेली असते, ते तपासा. आधारला मोबाइल नंबर जोडलेला नसेल तर ओटीपी येत नाही आणि सगळं अडतं. बोटांचे ठसे उमटत नसतील तर तुमचा नंबर आधी जोडून घ्या, मग केवायसी करा. हे सगळं त्या हिंडत्या-फिरत्या असताना, एखाद्या मंगळवारी सकाळी आपले सरकार केंद्रात गर्दी नसते तेव्हा उरकून टाका. ॲम्ब्युलन्समधून आल्यावर करायला लागू नये.